मानाच्या चार ओळी

आधी माझं सगळं ऐकून घ्या, मग माझ्या नावानं किती बोटं मोडायची ती मोडा. त्या दिवशी कारखान्यात काय झालं ते गावात जो तो आपापल्या परीनं सांगतो. कुणी म्हणतं कॉम्प्युटर बिघडला, कुणी म्हणतं ऑफिसातल्या दिनकररावानं मुद्दाम बिघडवला. बिघडला-बिघडवला काही नव्हता हो. चांगला धडधाकट होता. त्याच्यासमोर मी बसले होते, मला माहीत आहे.

कारखान्याचं नाव विचारू नका. गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या अंगानं, एवढं पुरे. साल चौऱ्याण्णव. पाडवा सोमवारी झाला आणि ही गोष्ट मंगळवारची, सकाळी आठपासून साडेदहापर्यंतची. अडीच तासांत माझ्या मायचं वर्ष बुडालं.

मी तिथं शेतकी विभागात कॉम्प्युटरवर होते. परभणीला सहा महिन्यांचा कोर्स केलेला. अख्ख्या कारखान्यात ते यंत्र चालवता येणारी मी एकटीच, म्हणून तोंडावर मला म्याडम म्हणायचे आणि पाठ फिरली की सरजीची सुमी. सरजी म्हणजे माझी माय, सरजाबाई. वडील मी दहावीत असतानाच गेले. नदीकाठी आमची सव्वा एकर जमीन. माय त्यात जोंधळा करायची, थोडी तूर, आणि वर्षभराचं खाणं घरात यायचं.

तिला ऊस लावायला मी सांगितलं. ती नको म्हणत होती. "आपला ऊस कोन तोडतंय गं बाई? ज्याचा वशिला त्याची टोळी. आपन बसावं बांधावर." खोटं नव्हतं. टोळी म्हणजे ऊस तोडणारी माणसं. ती कुणाच्या फडात कधी घालायची हे शेतकी विभाग ठरवायचा, आणि शेतकी विभाग कुणाच्या सांगण्यावरून ठरवायचा हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "माय, आता कॉम्प्युटर आलाय. लावणीची तारीख बघून नंबर लागणार. ज्याचा ऊस आधी लावलेला, त्याची तोड आधी. कुणाच्या पाया पडायचं काम न्हाई." लय ऐटीत म्हटलं. नवी नोकरी होती, डोकं ठिकाणावर नव्हतं.

माझ्या शब्दावर तिनं त्र्याण्णवच्या जानेवारीच्या दोन तारखेला लागण केली. जोंधळा नाही, तूर नाही, सगळा सव्वा एकर ऊस.

आता पंधरा महिने झाले होते त्याला. तुरा फुटून वाळून गेला होता, विहिरीनं तळ गाठला होता. कॉम्प्युटरवर ऊसनोंदीचा प्रोग्राम बसायलाच चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी उजाडला, कारण जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, एसट्या बंद पडल्या, आणि औरंगाबादचा प्रोग्रामवाला माणूस महिनाभर इकडं फिरकलाच नाही. मग गटागटानं याद्या काढल्या. आमचा गट शेवटी आला. अठरा एप्रिलला कारखान्याचा पट्टा पडणार, म्हणजे गाळप बंद. चाळीस टोळ्यांपैकी चारच राहिल्या होत्या, बाकीच्या बीडकडं परतल्या. त्या चार टोळ्यांची शेवटची यादी मंगळवारी सकाळी काढायची होती.

सोमवारी पाडव्याची सुट्टी. शनिवारी संध्याकाळी शेतकी अधिकारी माणिकराव मला सांगून गेले होते, "बाई, मंगळवारी धा वाजता जीप निघंल. धाच्या आत यादी हातात पायजे. न्हाई आली तर मी आपली हातानं करतो." हातानं म्हणजे कशी, ते मला आणि त्यांना दोघांनाही कळत होतं. संचालकांच्या पाहुण्यांचे फड अजून उभे होते.

म्हणजे हिशोब सरळ होता. दहाच्या आत यादी निघाली तर माय एक नंबरला. नाही निघाली तर तिचा ऊस शेतात उभा वाळणार.

आता त्या यंत्राचं सांगते. ते सांगितल्याशिवाय माझं पाप तुम्हाला कळायचं नाही.

कॉम्प्युटर चालू केला की तो आधी एक बारकी फाइल वाचतो. तिच्यात एकाखाली एक ओळी. प्रत्येक ओळीत एका प्रोग्रामचं नाव, आणि ज्या क्रमानं नावं लिहिली त्या क्रमानं ते प्रोग्राम उठतात. काही प्रोग्राम उठतात, काम करतात आणि जातात. काही मात्र येऊन बसतात. कुणाला त्यांचं काम असो नसो, दिवसभर जागा अडवून बसलेले. आणि जागा मोजकी. सहाशे चाळीस के, त्याच्यावर एक नाही. लग्नात सोयरे-धायरे आधी येऊन पंगतीला बसले आणि नवरीच्या बापाला ताट उरलं नाही, तसं व्हायला वेळ लागत नाही.

ही फाइल माझ्या ताब्यात होती. तिच्यात पहिली फालतू ओळ मीच घातली.

फालतू म्हणाले, तोंडात मारा माझ्या. ती गणपतीची ओळ होती. मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या दिवशी कारखान्यात पूजा असते. बॉयलरला हळदीकुंकू, ऊस टाकायच्या गव्हाणीला हळदीकुंकू, मग चेअरमनसाहेब म्हणाले, नवीन यंत्राची पण करा. मी आधीच तयारी ठेवली होती. परभणीचे आमचे कोर्सचे सर, मार्तंड सर, त्यांच्याकडून एक फ्लॉपी आणली होती. यंत्र चालू केलं की पडद्यावर ठिपक्यांचा गणपती उमटायचा आणि आतून पीं पीं पीं अशी अख्खी आरती वाजायची. चार मिनिटं. दिवसात कधीही एक बटण दाबलं की परत दर्शन. त्यासाठी तो बसून राहायचा. आणि एक गोष्ट मी सरांकडून मुद्दाम करून घेतली होती, की आरती मधी थांबवता येऊ नये. अर्धी आरती सोडायची नसते म्हणून. काय पण हुशारी!

चेअरमनसाहेबांनी हात जोडले, की-बोर्डवर कुंकू टाकलं, नारळ फोडला, मला शाल दिली. शालीचा फोटो अजून घरात आहे.

मग काय, लागली रांग. कार्यकारी संचालक, त्यांना सगळे एमडीसाहेब म्हणतात, त्यांना वाटलं आपलं काहीच नाही. त्यांनी पुण्याहून घड्याळ आणवलं, पडद्याच्या कोपऱ्यात टिकटिक करणारं. मी ते दुसऱ्या ओळीत घातलं. दोन दिवसांनी चेअरमनसाहेबांचा पुतण्या आला, त्याच्याकडं 'आपले सहर्ष स्वागत' आणि खाली काकांचा ठिपक्यांचा चेहरा. म्हणाला, "काकांच्या आधी एमडीचं घड्याळ? हे कुणी ठरवलं?" त्या एका ओळीवरून दोन दिवस ऑफिसात कुणी कुणाशी बोलेना. शेवटी गणपती पहिला, चेअरमन दुसरे, एमडी तिसरे, असं ठरलं. ठरलं म्हणजे बैठक होऊन ठरलं, खोटं नाही सांगत.

चौथी ओळ दिनकररावांची. दिनकरराव आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट. भला माणूस, पण भित्रा. साहेबांचा फोन आला तरी खुर्चीतून उठून बोलणार. पाडव्याला नवीन पंचांग वाचतात ना, तसं सोमवारी सुट्टीत मला घरून बोलावून घेतलं आणि त्यांच्या भाच्यानं दिलेलं पंचांग आत घालायला लावलं. तिथी, वार, राहुकाळ. "मुहूर्त चांगलाय बाई, आजच बसवून टाका." मी बसवलं. पाडव्याच्या दिवशी नाही कसं म्हणायचं?

पाचवी ओळ मराठी अक्षरांची, ती लागतेच. आणि सहावी ओळ ऊसनोंदीची. ज्याच्यासाठी यंत्र आणलं तो सहावा.

मंगळवारी मी आणि माय पहिल्या एसटीनं आलो. घरी थांब म्हटलं तर ऐकेना. "नंबर लागला की टोळीच्या मुकादमाला संगंच घिऊन जाते, वाट दावायला." ऑफिससमोर लिंबाखाली बसली, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन. खिडकीतून मला तिचा पदर दिसत होता.

आठला मी यंत्र चालू केलं. आरती झाली. खोलीत दिनकरराव, शिपाई मुंजाजी आणि मी, तिघंही हात जोडून उभे. रोजचंच होतं ते. मग चेअरमनसाहेबांचा चेहरा, मग घड्याळ, मग पंचांग: चैत्र शुद्ध द्वितीया. मग ऊसनोंद सुरू झाली. शेवटची यादी म्हणून यावेळी सगळ्या गटांच्या उरलेल्या नोंदी एकदम घेत होती. दहा मिनिटं डिस्क कुरकुर करत राहिली. आणि मग पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. मेमरी पुरत नाही. बास. किती कमी पडली ते काही सांगितलं नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण डोकं चाललं. कोण किती जागा अडवून बसलंय ते दाखवणारी एक आज्ञा असते. ती दिली. पडद्यावर आकडे आले. घड्याळ सहा. चेअरमन बावीस. पंचांग एकोणीस. गणपती अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न. बाकीच्या तिघांना एका पारड्यात घातलं तरी सत्तेचाळीस होतात. माझी नजर त्या अठ्ठावन्नवर गेली आणि मी ती काढून घेतली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते. सव्वाआठला मला दिसलं होतं.

"दिनकरराव, जागा पुरंना. एखादी ओळ बंद करावी लागतीय," मी म्हणाले.

"बंद म्हंजे?"

"पुसायची न्हाई. ओळीच्या पुढं तीन अक्षरं टाकली की यंत्र ती ओळ वाचतंय आन् सोडून देतंय. ओळ तिथंच राहती, गप बसती. यादी निघाली की परत चालू."

"मग कुनाची?"

"तुमचं पंचांग."

त्यांचा चेहरा एवढुसा झाला. "कालच तर बसवलं ओ बाई. पाडव्याला बसवलेलं दुसऱ्या दिवशी उठवायचं? लोक काय म्हनतील?" म्हणजे त्यांचा भाचा काय म्हणेल. मी खिडकीकडं बोट केलं. "तिकडं बघा, माझी माय बसलीय." त्यांनी बाहेर बघितलं. बंद करा म्हणाले.

पण नुसती ओळ बंद करून भागत नाही. आधीच येऊन बसलेला उठवायचा तर यंत्र बंद करून पहिल्यापासून चालू करावं लागतं. पहिल्यापासून म्हणजे आरतीपासून. चार मिनिटं पीं पीं पीं, आणि आम्ही तिघं हात जोडून उभे. मी ओठ चावत होते. मुंजाजी तर मोठ्यानं म्हणायलाही लागला बरोबरीनं. मग नोंदी वाचायला दहा मिनिटं. पावणेनऊला परत तीच ओळ. मेमरी पुरत नाही.

"घड्याळ काढते," मी म्हणाले. विचारलंच नाही.

"अहो बाई, एमडीसाहेबांचं हाय ते! फोन करून इचारतो."

"भिंतीवर घड्याळ हाय की एवढं मोठं! त्यात बघा म्हणावं!" मी ओरडलेच. पण त्यांनी फोन लावला. एमडीसाहेब अंघोळीला गेलेले. पाच मिनिटांनी परत लावला. साहेब म्हणाले म्हणे, एकट्या घड्याळानंच काय घोडं मारलंय, चेअरमनसाहेबांचं राहणार असेल तर माझंही राहील. मी दिनकररावांच्या हातातून फोन घेऊन ठेवून दिला.  घड्याळाच्या ओळीपुढं तीन अक्षरं टाकली आणि चेअरमनसाहेबांच्या ओळीपुढंही टाकली. दोन्ही एकदम.

"मेलाव!" दिनकरराव मटकन खाली बसले. "पोरी, माझी दोन वर्सं राह्यलीत रिटायरला."

"मी केलं म्हणून सांगा. माझं नाव घ्या."

यंत्र परत चालू केलं. नऊ वाजून पाच मिनिटं. आरती.

ती चार मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. हात जोडलेले, डोळे खिडकीबाहेर. माय उठून उभी राहिली होती. तिला खिडकीतून आरती ऐकू गेली असणार. तिनं पण तिथंच, लिंबाखाली, हात जोडले. डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटले. माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की हा आहे तर यादी निघणारच. ह्याच्यासमोरच मी बोलले होते की बाप्पा, मायचा ऊस तेवढा तोडून जाऊ दे. ह्यालाच कसा उठवू?

सव्वानऊ. डिस्क कुरकुरतेय. वीस. बावीस. तेवीस. मेमरी पुरत नाही.

आता चौघांपैकी एकच बसलेला होता.  पडद्याच्या कोपऱ्यात ठिपक्यांची सोंड दिसत होती.

शेवटी दिनकररावच म्हणाले, आणि त्या माणसाला मी भित्रा म्हणते, बघा. "बाई, गनपती किती जागा खायलाय?"

"अठ्ठावन्न."

"आन् आमचं तिघांचं मिळून?"

"सत्तेचाळीस."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजे एकट्या गनपतीला काढलं असतं तर..."

"मला काय मालूम? किती कमी पडतंय ते यंत्र सांगत न्हाई!" मी अंगावर धावून गेल्यासारखी बोलले. खरं होतं ते, यंत्र सांगत नाही. पण खोटंही होतं.

साडेनऊला पाच मिनिटं कमी होती. नीट ऐका. आता गणपती बंद केला असता तर आरतीची चार मिनिटंही वाचली असती. यंत्र चटकन उठलं असतं, दहा मिनिटं नोंदी वाचल्या असत्या, पाच मिनिटांत यादी छापून बाहेर. पावणेदहा. माणिकरावांच्या हातात पंधरा मिनिटं आधी. मी फाइल उघडली. पहिल्या ओळीवर गेले. एक अक्षर टाकलं.

आणि हात थांबला.

"काय झालं?" दिनकरराव.

"बसवलेला आहे तो. मी पूजा करून बसवलाय. असाच कसा उठवायचा?"

मी, जिनं चेअरमनसाहेबांना न विचारता उठवलं, ती मी.  आमच्या घरी वडील होते तेव्हाची गोष्ट आठवली. दहा दिवसांचा गणपती, आणि चौथ्या दिवशी पावसानं भिंत ओली झाली म्हणून वडिलांनी मूर्ती उचलून दुसऱ्या कोनाड्यात ठेवली. उत्तरपूजा न करता. माय तेव्हा ओरडली होती. पुढच्या वर्षी वडील गेले. त्याचा नि ह्याचा काही संबंध नाही हो, मला काय कळत नाही? वडिलांना कावीळ झाली होती. पण हात उठेना तो उठेना.

"उत्तरपूजा करू की मग," दिनकरराव म्हणाले. त्यांना पण सुटल्यासारखं झालं. "अक्षता टाकायच्या, पुनरागमनाय च म्हनायचं, जागचा हलवायचा, झालं. दोन मिनटाचं काम. मुंजाजी, पळ, कँटीनातून मूठभर तांदूळ आन. कुंकू हाय माझ्या ड्रॉवरमधी."

आणि मी हो म्हणाले. ऐकलंत? मी हो म्हणाले. त्या क्षणी मला दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटलं.

मुंजाजी पळाला. कँटीनचं कोठार बंद. किल्ली ज्याच्याकडं तो उसाच्या वजनकाट्यावर चहा द्यायला गेलेला. मुंजाजी काट्यावर. आम्ही दोघं खोलीत. कर्सर पहिल्या ओळीवर लुकलुकतोय, दोन अक्षरं टाकायची बाकी. फक्त दोन. दिनकरराव घड्याळाकडं बघत नव्हते, मी बघत होते. एकोणतीस. चौतीस. अडतीस. मधी एकदा मी बोट पुढं केलं आणि परत मागं घेतलं. खिडकीतून बघितलं तर माय फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडत होती, आणि तो तोंडात न घालता तसाच हातात धरून आमच्या दाराकडं बघत होती.

नऊ एकोणपन्नासला मुंजाजी धापा टाकत आला. मुठीत तांदूळ. दिनकररावांनी त्यात कुंकू कालवलं. मी उभी राहिले, पडद्यावर अक्षता टाकल्या. दाणे काचेवरून घरंगळून की-बोर्डच्या फटीत गेले. दिनकरराव मंत्र म्हणाले, चुकले, परत म्हणाले. मी दोन्ही हातांनी मॉनिटर इंचभर हलवला. मग बसून दोन अक्षरं टाकली.

यंत्र चालू केलं. आरती नाही, काही नाही. कसली शांतता ती! काळ्या पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि ऊसनोंद सुरू. नऊ त्रेपन्न. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. दहा वाजता खाली जीपचा आवाज झाला. मी खिडकीत धावले. "माणिकराव! ओ माणिकराव! पाच मिनिटं! चालू झालंय!" त्यांनी वर बघितलं. हात केला. हातात कागद होता, हातानं लिहिलेला. जीप गेटातून बाहेर पडली.

दहा वाजून तीन मिनिटांनी प्रिंटर वाजायला लागला. कर्र कर्र करत यादी बाहेर आली. मी पहिलंच नाव बघितलं. सरजाबाई. लागण दोन एक त्र्याण्णव. अनुक्रमांक एक.

कागद फाडला आणि पळत सुटले. काट्यापर्यंत पळाले, रस्त्यापर्यंत पळाले. मुंजाजीनं कुणाची तरी लुना मागून आणली, तिच्यावर बसून टोळ्यांच्या तळावर गेलो. तिथं चारही मुकादम तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन निघालेले, ट्रकांत कोयते, पोरंबाळं, भांडी. माणिकराव जीपला टेकून उभे. मी कागद त्यांच्या छातीला लावला. त्यांनी वाचला, अगदी नीट वाचला.

"बरोबर हाय बाई यादी," ते म्हणाले. "तुमच्या आईचा पयला नंबर लागतोय. पर आता चिठ्ठ्या वाटल्या. एकदा चिठ्ठी हातात पडली की कोयता माघारी फिरवत न्हाईत, तुमाला बी म्हाईत हाय. ही मानसं ऐकनार न्हाईत, आन् ज्यांचे फड हायेत ती तर मुळीच न्हाई. चार फड, सहा दिवस. पट्टा पडंपर्यंत टोळी मोकळी व्हत न्हाई."

"सव्वा एकर आहे ओ साहेब! दीड दिवसाचं काम!" मी रडत होते, त्यांचे पाय धरले मी. मायला म्हटलं होतं ना, कुणाच्या पाया पडायचं काम नाही. मी पडले. भर तळावर, ट्रकातल्या बायांच्या देखत. त्यांनी पाय मागं घेतले. वाईट माणूस नव्हता, वाईट वाटलं असेल त्यांना. पण ट्रक निघाले.

परत आले तेव्हा साडेदहा झाले होते. माय लिंबाखाली नव्हती. वर आली होती, ऑफिसच्या दारात उभी, चपला हातात. तिला दिनकररावांनी काही सांगितलं नव्हतं. ते खाली मान घालून की-बोर्डच्या फटीतले तांदूळ वेचत होते.

"लागला का गं नंबर?"

"लागला."

"कितवा?"

"पहिला."

तिच्या तोंडावर जे आलं ते मला बघवेना. ती आत आली, यंत्रासमोर उभी राहिली आणि हात जोडले. पडदा काळा होता. 

"बाप्पा कुठं गेला गं?"

"उठवला त्याला," मी म्हणाले. "तुझा नंबर लावायला उठवला. उशिरा उठवला माय. मी थांबले. तांदळाची वाट बघत बसले मी."

तिला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. जीप, चिठ्ठ्या, ट्रक, सहा दिवस. अठ्ठावन्नचं नाही सांगितलं.   तिनं माझ्या हातातला कागद घेतला. तिला वाचता येत नाही, तरी उलटा सुलटा करून बघितला.

"माजं नाव कुठं हाय ह्याच्यात?"

मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपलं ठेवलं.

"वाच बरं."

मी वाचलं.

"पयला?"

"पहिला."

"बरं झालं," ती म्हणाली. कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग माझ्याकडं बघून, लहान लेकरानं विचारावं तसं विचारलं, "मग आता ह्यो कागद कुनाला दावायचा गं सुमे?"

दिनकररावांच्या हातातून तांदूळ खाली पडले. मी पर्स घेतली आणि तिला धरून जिना उतरले. साडेअकराची एसटी होती.